नातवंडांचे वजन : ताट आणि मैदान



या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा असतो. "आमची नातवंडे अमेरिकेत आहेत. फोटोत छान गुबगुबीत दिसतात, पण सून म्हणते डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितले आहे. एवढ्याशा मुलाचे वजन काय मोजायचे?" मी मुंबईत शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले आणि आता न्यू जर्सीत लेकीकडे राहते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरचाही आहे.

आपल्या लहानपणी शाळेत वजन करत, ते मूल हडकुळे तर नाही ना हे पाहायला. अमेरिकेतही तेव्हा काळजी तीच होती. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण अपुऱ्या पोषणामुळे नापास झाले. पुढे १९४६ साली अध्यक्ष ट्रूमन यांच्या काळात शाळेतल्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा झाला. आज चित्र उलटे आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दर शंभर मुलांत साधारण पाच लठ्ठ होती. २०१७ ते २०२० या काळातल्या पाहणीत ती जवळजवळ वीस निघाली. ज्याला आपण म्हातारपणाचा मधुमेह म्हणायचो, तो आता दहा-बारा वर्षांच्या मुलांतही सापडतो.

मुलांचे वजन मोठ्यांसारखे जोखत नाहीत. उंची आणि वजनावरून बीएमआय काढतात आणि तो त्याच वयाच्या मुलांच्या किंवा मुलींच्या तक्त्याशी ताडून पाहतात. तक्त्यातल्या शंभरांपैकी पंच्याऐंशींच्या पुढे आकडा गेला तर वजन जास्त, पंचाण्णवांच्या पुढे गेला तर लठ्ठपणा. माझ्या धाकट्या नातीने गेल्या वर्षी पंच्याऐंशीची रेघ ओलांडली. आमच्याकडे मधुमेह तीन पिढ्यांचा आहे, तेव्हा लेकीच्या तोंडचे पाणीच पळाले.

मग करायचे काय? खाणे कमी करायचे की खेळायला पिटाळायचे? आधी थोडा हिशेब करू. गोड सोड्याच्या एका कॅनमध्ये, म्हणजे ३५५ मिलिलिटरमध्ये, सुमारे १४० कॅलरी आणि नऊ-दहा चमचे साखर असते. तीस किलोच्या मुलाने पंधरा मिनिटे चांगली धावपळ केली तर जेमतेम पन्नासेक कॅलरी खर्च होतात. म्हणजे नुसत्या खेळाने ताटातली चूक भरून निघत नाही. उलट, वाढत्या वयात नुसते खाणे तोडले तर उंची, हाडे आणि स्नायू यांनाच तोशीस लागते. खेळाने स्नायू आणि हाडे बळकट होतात आणि स्नायू रक्तातली साखर अधिक सहज ओढून घेतात. म्हणून दोन्ही एकत्र हवेत. आणि मूल दिवसाचे सहा-सात तास जिथे काढते, एकदा तरी जिथे जेवते, ती जागा म्हणजे शाळा.

अमेरिकेत याचा एक मोठा प्रयोग झाला. नाव 'कॅच'. १९९१ ते १९९४ या काळात कॅलिफोर्निया, लुइझियाना, मिनेसोटा आणि टेक्सास या चार राज्यांतल्या ९६ शाळा आणि पाच हजारांहून अधिक मुले त्यात होती. तिसरीपासून पाचवीपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. ५६ शाळांत स्वयंपाकघर, मैदान आणि वर्ग या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी बदल केले. त्यांतल्या निम्म्या शाळांनी घरच्यांनाही सामील करून घेतले. उरलेल्या ४० शाळा तुलनेसाठी होत्या तशाच ठेवल्या. बदल केलेल्या शाळांच्या जेवणात चरबीतून येणाऱ्या कॅलरी सुमारे ३९ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आल्या. खेळाच्या तासातला खरोखर धावण्यापळण्याचा वेळ सुमारे ३७ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेला.

आणि वजन? वजनात फरक पडला नाही. हे वाचून काही जण म्हणतील, मग एवढा खटाटोप कशाला? पण तीन वर्षांनी ही मुले आठवीत गेली तेव्हा पुन्हा पाहिले, तर कमी चरबीचे खाणे आणि जोमाने खेळणे या दोन्ही सवयी तुलनेच्या शाळांतल्या मुलांपेक्षा त्यांच्यात अधिक टिकल्या होत्या.

वजनावरचा परिणाम दिसला तो एल पासो या गावी. मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांदे नदीकाठी वसलेले हे टेक्सासमधले शहर. वस्ती बहुतांशी मेक्सिकन वंशाची. तिथल्या गरीब वस्तीतल्या शाळांनी 'कॅच' आपापल्या ऐपतीप्रमाणे राबवले. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साध्या शाळांत तिसरी ते पाचवीदरम्यान जास्त वजनाच्या मुलींचे प्रमाण १३ टक्क्यांनी वाढले होते, 'कॅच'च्या शाळांत फक्त २ टक्क्यांनी. मुलग्यांत तेच आकडे ९ आणि १. मुले बारीक झाली नाहीत, पण वाढणारे प्रमाण जवळजवळ जागीच थांबले. मूल उंच होत असते, तेव्हा वजन आहे तिथे राहिले तरी ते सावकाश प्रमाणात येते. आजी-आजोबांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

पी.टी.ची शिक्षिका म्हणून मला 'कॅच'मधली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे खेळात कोणी 'आऊट' होत नाही. आपल्या वेळी साठ मुलांत एक चेंडू असायचा. बाद झालेल्याने झाडाखाली बसायचे आणि जाड मूल सर्वांत आधी बाद व्हायचे. ज्याला हालचालीची गरज जास्त, तेच जास्त वेळ बसून राहायचे. इथे मात्र शक्यतो प्रत्येकाच्या हाती साहित्य असते आणि तासभर कोणी रिकामे उभे राहत नाही. आमच्या न्यू जर्सीत पहिली ते बारावी दर आठवड्याला १५० मिनिटे आरोग्य, सुरक्षितता आणि शारीरिक शिक्षण यांसाठी कायद्याने राखून ठेवली आहेत. सगळ्याच राज्यांत असे नाही.

ताटाच्या बाजूनेही कायदा पुढे सरकला. २०१० साली अध्यक्ष ओबामांनी सही केलेल्या कायद्यानुसार २०१२पासून शाळेच्या जेवणात फळे, भाज्या आणि अख्खे धान्य वाढले. पुढच्या अभ्यासात सर्व मुले मिळून फरक दिसला नाही. पण गरीब घरांतल्या मुलांत लठ्ठपणाचा धोका वर्षागणिक कमी होत गेला. जी मुले शाळेच्या जेवणावर जास्त अवलंबून, त्यांनाच फायदा झाला.

शाळेने दिवसभर कमावलेले घरी संध्याकाळी गमवायचे नसेल, तर आपल्या हातात बरेच आहे. 'कॅच'मध्ये मुलांना पदार्थांचे तीन गट शिकवतात : 'गो', 'स्लो' आणि 'व्होआ'. म्हणजे नेहमी खा, जपून खा, कधीतरी खा. यात बंदी कशावरच नाही. आमच्या फ्रिजवर नातीने आपल्या स्वयंपाकाची यादी लावली आहे. मोड आलेली मटकी, डाळ, माशाचे कालवण, भाकरी आणि मलिद्याच्या ताटातली फळे 'गो'मध्ये. पांढरा भात आणि नारळाच्या रसातली आमटी 'स्लो'मध्ये. करंज्या, तळलेल्या पुऱ्या आणि चिकाचा हलवा 'व्होआ'मध्ये. रोश हशानाला हलवा झालाच पाहिजे, पण ती वडी सणाचीच राहावी, रोजच्या डब्यात नको.

आणखी काही साध्या गोष्टी. तहानेला सरबत किंवा ज्यूस न देता पाणी द्यावे. "ताट पूर्ण संपव" हा आग्रह सोडावा, पोट भरल्याचे मुलाला कळते. शाबासकी म्हणून चॉकलेट न देता बागेत घेऊन जावे. शब्बाथच्या दुपारी जेवणानंतर सगळ्यांनी मिळून चालायला जावे. आपल्या गुडघ्यांना झेपेल तेवढे आपण चालू, मुले पुढे धावतील. मुलाला 'जाड्या' म्हणू नये, चेष्टेतही नाही. चिडवलेले मूल मैदानावर जायचेच टाळते. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढत्या मुलाला उपाशी ठेवण्याचे कोणतेही डाएट करू नये.

ज्यांची नातवंडे दूर आहेत, त्यांनी पुढच्या फोनवर "जेवलास का?" विचारून झाले की "आज काय खेळलास?" हेही विचारावे.