दहा इन्स्ट्रक्शन, वीस बाइट

अ‍ॅटटायनी १३ ही आठ पायांची, नखाएवढी चिप. प्रोग्राम ठेवायला तिच्यात १ किलोबाइट जागा आणि चालू हिशेबासाठी फक्त ६४ बाइट. एवढ्याशा जागेत काय होणार, असं पुण्याच्या तपकीर गल्लीत ती हातात घेताना वाटतं खरं. पण असेंब्ली शिकायला मला हीच चिप सगळ्यांत चांगली वाटते, कारण हे अख्खं यंत्र डोक्यात मावतं.

हिचं कूळ एव्हीआरचं. नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमला आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांनी त्याची रचना मांडली आणि पुढे अ‍ॅटमेलने ती बाजारात आणली. सामग्री फारशी लागत नाही: साधा टेक्स्ट एडिटर, ‘अव्रा’ नावाचा फुकट असेंब्लर, चिपमध्ये प्रोग्राम उतरवणारा ‘एव्हीआरड्यूड’ आणि यूएसबीला लावायचा छोटा प्रोग्रामर. टर्मिनलमध्ये अव्रा, त्यापुढे फाइलचं नाव, एंटर. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं: पहिली फेरी झाली, दुसरी फेरी झाली, कोड दहा शब्द म्हणजे वीस बाइट, चूक एकही नाही.

या दोन फेऱ्यांचं मोल ८०८५ च्या किटवर बसलेल्यांना लगेच कळेल. आपल्याकडे डिप्लोमाच्या लॅबमध्ये त्या किटवर तक्ता बघून एकेक कोड हाताने भरायचा असे. मध्येच एखादी इन्स्ट्रक्शन राहिली की पुढचे सगळे पत्ते सरकत आणि प्रत्येक जंपचा पत्ता नव्याने लिहावा लागे. अव्रा पहिल्या फेरीत फक्त लेबलं कुठे पडतात ते टिपून घेतो आणि दुसऱ्या फेरीत कोड लिहितो. त्यामुळे अजून न आलेल्या लेबलाकडेही बिनधास्त उडी मारता येते.

माझा प्रोग्राम एक एलईडी उघडझाप करणारा. अव्राकडून लिस्टिंग फाइल मागून घ्यावी. खरी मजा तिथे आहे. प्रत्येक ओळीत डावीकडे पत्ता, मध्ये कोड, उजवीकडे आपण लिहिलेली इन्स्ट्रक्शन. ‘एलडीआय आर१८, ३’ म्हणजे अठराव्या रजिस्टरमध्ये ३ भर. तिच्यासमोर दिसतं ई०२३. यातला ई म्हणजे एलडीआय. दुसरा आणि चौथा अंक जोडले की ०३, ही आपली किंमत. उरला मधला २, तो रजिस्टरचा: सोळापासून पुढे दोन, म्हणजे अठरा. सोळा बिटांत चार कामाला गेले, आठ किमतीला, रजिस्टरसाठी उरले चारच. चार बिटांत सोळाच नावं बसतात. म्हणून एलडीआयला आर१६ ते आर३१ एवढीच रजिस्टरं चालतात आणि आर१५ लिहिलं की अव्रा अडवतो. एकाने वजाबाकी करणाऱ्या ‘डेक’ला मात्र किंमत लागतच नाही. तिच्यात रजिस्टरला पाच बिट मिळतात आणि बत्तीसही रजिस्टरं तिला खुली असतात. पुस्तकात हा नियम पाठ करायला लावतात. लिस्टिंग समोर ठेवून तो दहा मिनिटांत समजतो आणि मग विसरायची सोय राहत नाही.

वेळही अशीच मोजता येते. नवी चिप १.२ मेगाहर्ट्‌झवर चालते. डेकला एक सायकल; मागे उडी मारणाऱ्या ‘ब्रने’ला उडी घेतली तर दोन, नाही घेतली तर एक. २५६ वेळा फिरणाऱ्या आतल्या लूपला ७६७ सायकल लागतात. तो दुसऱ्या लूपमध्ये २५६ वेळा आणि ते सगळं तिसऱ्यात तीनदा. एलईडी उलटवणं आणि परत वर जाणं धरून, पहिली फेरी सोडली तर, प्रत्येक वेळी ५,९१,३७० सायकल. भागिले बारा लाख: ०.४९२८ सेकंद. कागदावर ही बेरीज जमली की आपण लिहिलेल्या ओळी आणि चिपचं वागणं यांच्यात न कळलेलं काही उरत नाही. मोठ्या, सजवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबून हेच काम होतं, पण विद्यार्थ्याच्या हाती काय लागतं? लूप किती वेळ खातो, हा साधा प्रश्नही त्याला पडत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या प्रत्येक वर्गाने पहिला आठवडा तरी टर्मिनलवर काढावा, असं मला मनापासून वाटतं.

चिपमध्ये उतरवताना एव्हीआरड्यूड आधी तिची ओळख विचारतो. १ई, ९०, ०७ हे तीन बाइट आले म्हणजे समोर अ‍ॅटटायनी १३ च आहे. मग पुसणं, लिहिणं, वाचून ताडून पाहणं. बोलणंही तिला झेपेल इतकं सावकाश, घड्याळाच्या चौथ्या हिश्शापेक्षा मंद. माझा एलईडी पाचव्या पायावर आहे आणि प्रोग्रामरकडून डेटा आत जातो तो याच पायातून. त्यामुळे उतरवताना एलईडी क्षणभर थरथरतो. ते आपले वीस बाइट आत जाताना दिसतात! क्षणात थरथर थांबते आणि संथ उघडझाप सुरू होते.

घड्याळ हातात घेतलं तर मात्र फरक दिसतो. सायकलींची संख्या अचूक असली तरी चिपमधला ऑसिलेटर कारखान्यातून दहा टक्क्यांपर्यंत पुढेमागे असू शकतो. शंभर उलटापालटींना ४९.२८ सेकंद लागायला हवेत. ५२ लागले तर चिप मंद आहे, मग ऑसिलेटरचा वेग जुळवणाऱ्या ऑसकॅल रजिस्टरमधली किंमत थोडी वाढवायची. त्यासाठी सुरुवातीलाच दोन इन्स्ट्रक्शन घालायच्या: एक एलडीआय, एक आउट. पुन्हा अव्रा चालवला की चोवीस बाइट. लेबलांचे पत्ते दोन घरं पुढे सरकलेले असतात, पण ब्रनेचे तिन्ही कोड जसेच्या तसे राहतात, कारण त्यांच्यात लिहिलेलं असतं ते अंतर.