कच्च्या केळ्याची बाजू

संपादकांनी फोनवर विषय सांगितला: लहान मुलांच्या पोटाचे विकार आणि पोटातले जंतू, गेल्या पन्नासेक वर्षांचा आढावा. शब्दमर्यादा सांगितली आणि जाता जाता ‘जरा समतोल असू द्या’ अशी पुस्तीही जोडली. समतोलाचं आधीच सांगून टाकतो. सुरतेत उधना-लिंबायतच्या बाजूला ज्याने बालरोगाचा दवाखाना चालवला, त्याच्याकडे मतं असतात. समतोल हवा असेल त्यांनी पाठ्यपुस्तक वाचावं.

आढावा जंतूंपासून सुरू करायची रीत आहे, ती पाळतो. थिओडोर एशेरिश या डॉक्टरने १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या शीत एक जंतू पाहिला. आज ई. कोलाय म्हणून सगळे ज्याला शिव्या घालतात तो हाच. तो निरोगी बाळांच्याही पोटात सुखाने नांदतो, हे शिव्या घालणारे विसरतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आँरी तिसिए याने १९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत फाटे फुटलेले बिफिडो जंतू दाखवले. मेच्निकॉफ या शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये आंबवलेल्या दुधाचा आणि दीर्घायुष्याचा संबंध जोडला आणि दह्याच्या जाहिराती सुरू झाल्या, त्या अजून थांबलेल्या नाहीत. पुढची काही दशकं कोणत्या जंतूचं नाव बदलून काय ठेवलं या खटाटोपात गेली. ती ओलांडू.

तिसिएचे जंतू अंगावर पिणाऱ्या बाळांतच इतके का, हे कोडं मात्र फार उशिरा उलगडलं. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल जो घन भाग असतो, तो गुंतागुंतीच्या शर्करांचा. आणि बाळाला तो पचतच नाही. पचतो तो बिफिडो जंतूंना. म्हणजे आई एकाच चुलीवर दोघांचा स्वयंपाक करते, बाळाचा आणि बाळाच्या पोटातल्या भाडेकरूंचा. हे कळल्यानंतर तरी पहिला चीक पिळून टाकणं आणि तीन दिवस मध चाटवणं थांबायला हवं होतं. थांबलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या घरांतही सुनेच्या खोलीत सासूबाईंची मधाची वाटी असायची.

आता माझ्या काळाकडे येतो. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबिस यांच्याजवळची सलाईन संपत आली होती. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात दिलं आणि पाजायला सांगितलं. ३० टक्क्यांपर्यंत गेलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या शोधाला शतकातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय शोधांच्या रांगेत बसवलं. महालनबिस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले आणि पद्मविभूषण २०२३ मध्ये जाहीर झाला. जिवंतपणी द्यायला पन्नास वर्षं होती.

त्यातली युक्ती साधी आहे. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरताना मिठातलं सोडियम सोबत घेऊन शिरतं आणि त्यांच्यामागून पाणी येतं. जुलाब कितीही असले तरी हे दार बहुधा उघडं राहतं. पुढे या पाजायच्या पाण्याची तीव्रता लिटरमागे ३११ मिलिऑस्मोलवरून २४५ वर आणली गेली, २००४ मध्ये जस्ताची गोळी जोडली गेली. रोटाव्हायरसची देशी लस हा या काळातला दुसरा मोठा विजय. दिल्लीच्या नवजात बाळांत सापडलेल्या ११६ई या विषाणूपासून ती बनली, तिच्या चाचण्यांत पुण्याजवळच्या वढूची मुलंही होती, आणि २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात येऊ लागली. तिच्यावर पुष्कळ लिहून झालंय, मी भर घालत नाही.

सुरतेत मात्र हे मीठ-साखरेचं पाणी पाजायला घाम गाळावा लागला. ताप्ती लाइनच्या गाड्यांनी जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं इथे आली. पुरुष लूमच्या खात्यांत, बाया घरी साड्यांवर टिक्क्या चिकटवणाऱ्या. लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा इथे एका खोलीत सहा माणसं आणि गल्लीच्या टोकाला नळ. पावसाळ्यात मिठी खाडी भरली की आठवड्याभरात माझा बाक भरायचा. १९९४ च्या प्लेगने शहराची अब्रू गेली, १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि गटारं-कचऱ्याचं रूप खरंच पालटलं. त्या साफसफाईने जेवढी पोरं वाचवली तेवढी आम्हा सगळ्या बालरोगतज्ज्ञांनी मिळूनही वाचवली नसतील. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीने शहर बुडवलं, तेव्हा मात्र आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

तर बाई पोराला घेऊन यायची. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘साहेब, सलाईन लाई द्या ना.’ तिचं चुकत नव्हतं. नवऱ्याची रोजी पडलेली, संध्याकाळच्या पाळीला जायचं, बाटली लावली की काहीतरी झालं असं दिसतं. शेजारच्या गल्लीत बाटली लावणारे होतेच. मी वाटी-चमचा द्यायचो आणि बाकावर बसवायचो. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा हळूहळू. किलोमागे ७५ मिलिलिटर, चार तासांत. पोर लघवी करून रडायला लागलं की घरी. पोर मान टाकू लागलं तर मीही सलाईन लावत होतो. हट्टाचाही एक हिशेब असतो. काही बाया उठून जायच्या. त्यांना आत बोलावून बाटली लावणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी बंगले बांधले. त्यांचं नाव घेत नाही, ते ओळखतील.

पण या पाण्यात एक उणीव आहे आणि ती आमच्या प्रचारकांनी लपवली. ते जीव वाचवतं, शी थांबवत नाही. आई दुसऱ्या दिवशी लंगोटांचा ढीग दाखवते आणि म्हणते, ‘पाजलं तरी काय फरक पडला?’ या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी माझ्या आवडत्या रस्त्याला लागलो. इथे मी रेंगाळणार आहे, संपादकांनी कात्री आवरावी.

ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात १९८० च्या दशकात ग्लुकोजऐवजी तांदळाच्या पिठाचं पाणी वापरून पाहिलं गेलं. कॉलऱ्यात शीचं प्रमाण घटलं; मुलांच्या साध्या जुलाबांत फारसा फरक दिसला नाही. पण प्रश्न सुटला नव्हता, आणि त्याचं खरं उत्तर छोट्या आतड्यात नव्हतंच. वेल्लोरच्या डॉ. रामकृष्ण यांनी २००० मध्ये कॉलऱ्याच्या प्रौढ रुग्णांना मीठ-साखरेच्या पाण्यात न पचणारा मक्याचा स्टार्च घालून दिला. तो छोट्या आतड्यातून तसाच पुढे गेला, मोठ्या आतड्यातल्या जंतूंनी खाल्ला, त्यातून लहान साखळीची मेदाम्लं तयार झाली आणि त्या आम्लांबरोबर मोठ्या आतड्याने सोडियम आणि पाणी ओढून घेतलं. जुलाब लवकर आटोपले. म्हणजे ज्या जंतूंना मारायला आम्ही औषधं लिहीत होतो, त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचं होतं. त्यांना फक्त चारा हवा होता.

चाऱ्यात कच्च्या केळ्याला तोड नाही. केळं पिकलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते. हिरवं असताना त्यातला बराचसा स्टार्च पचायला नकार देतो. उकडल्यावर त्यातला काही मऊ पडतो, काही शिल्लक राहतो. ढाक्याच्याच डॉ. रब्बानी यांनी २००१ मध्ये दीर्घकाळ जुलाब चालू असलेल्या बाळांना भाताच्या जेवणात उकडलेलं कच्चं केळं मिसळून दिलं. नुसत्या भातावरच्या बाळांपेक्षा ती लवकर बरी झाली. पुढे खेड्यांतल्या घरी जेवणाऱ्या मुलांवरही त्यांनी हे करून पाहिलं. त्यांचा पहिला पेपर वाचला तेव्हा मला हसू आलं होतं. माझे निम्मे रुग्ण रावेर-यावलचे! ज्यांच्या काकाच्या शेतात केळीच्या बागा, ज्यांच्या जळगावच्या केळीला पुढे २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांची पोरं सुरतेत चहात बिस्किट बुडवून जुलाबातून उठत होती.

तेव्हापासून माझी चिठ्ठी दोन ओळींची झाली. रेसिपी सांगतो, कारण ती अनेकांना अजून माहीत नाही. घट्ट हिरवं केळं घ्यायचं, देठ कापायचा, साल काढायची नाही. उकळत्या पाण्यात सुमारे दहा मिनिटं. साल काळपट होऊन सुटायला लागली की काढायचं, निवू द्यायचं, सोलून चमच्याने ठेचायचं. चिकट वाटतं, मऊ भातात कालवायचं, चिमूट मीठ, थोडं तेल. सहा महिने पूर्ण झालेल्या मुलांनाच. मीठ-साखरेचं पाणी आणि अंगावरचं दूध चालूच. शीत रक्त असेल, पोर पाणी पिईनासं झालं असेल, ताप हटत नसेल तर केळं बाजूला ठेवून सरळ दवाखाना. बाया ऐकायच्या, कारण पदार्थ ओळखीचा होता. काहींनी तर गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर हिरव्या फण्या मागवायला सुरुवात केली.

व्यवसायातल्या लोकांना मात्र ते पटेना. एका परिषदेत माझ्या नावापुढे ‘केळीवाले डॉक्टर’ अशी पदवी लागली, त्यात माझा फारसा तोटा झाला नाही. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये अमेरिकेतल्या जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे तहमीद अहमद यांच्या चमूने कुपोषित मुलांच्या आतड्यातल्या जंतूंवर काम प्रसिद्ध केलं. वाढ खुंटलेल्या मुलांच्या पोटातली जंतूंची वसाहत वयाच्या मानाने बाल्यावस्थेतच राहिलेली असते, असा त्यांचा मुद्दा. ती वयात आणायला त्यांनी जे खाद्य बनवलं त्यात हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा यांचं पीठ आणि कच्चं केळं! ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या मुलांना तीन महिने दिलेल्या या खाद्यात तयार पौष्टिक पेस्टपेक्षा उष्मांक कमी होते, तरी वजनाची वाढ सरस निघाली. त्या परिषदेत मला ती पदवी देणारे महाशय आता आपल्या भाषणात गॉर्डनचा दाखला देतात. केळ्याचा उल्लेख टाळतात.

हल्ली मैदानात दोन पक्ष आहेत, आणि दोघांशीही माझं जमत नाही. पहिला कुपीवाल्यांचा. पोर शिंकलं तरी जंतूंची कुपी, म्हणजे प्रोबायोटिक, लिहून द्यायची. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत जुलाब-उलट्यांच्या मुलांना अशा जंतूंनी काडीचाही फायदा दिला नाही. जिथे दिला तिथली गोष्ट वेगळी आहे. ओडिशाच्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांनी साडेचार हजारांवर नवजात बाळांवर एका लॅक्टोबॅसिलसचा प्रयोग केला. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला, सेप्सिस आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. पण त्यात जंतूबरोबर त्याचा चाराही दिला होता, आणि तो जंतू निवडायला वर्षं घालवली होती. कुठलीही कुपी कुठल्याही पोराला, असा त्याचा अर्थ काढणं म्हणजे गाडीचं तिकीट दाखवून विमानात चढण्यासारखं आहे.

दुसरा पक्ष आजीबाईंच्या बटव्याचा. ‘आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ हे त्यांचं पालुपद. बाळघुटीतली मुरडशेंग, वेखंड, हिरडा मीही उगाळताना पाहिलेत, त्यांचा वासही मला आवडतो. पण सहाण ज्या पाण्याने धुतली ते पाणी कुठलं होतं? तीन आठवड्यांच्या बाळाला गढुळ पाण्यातली घुटी पाजून जुलाब लावलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत. केळं आणि भात ही जुनी गोष्ट आहे, हे खरं. पण ती मी जुनी म्हणून उचलली नाही, ढाक्यात मोजून पाहिली म्हणून उचलली.

आता दवाखाना मुलाकडे आहे. त्याच्या बाकावर जुलाबापेक्षा बद्धकोष्ठाची पोरं जास्त. तीन वर्षांचं मूल दिवसाकाठी चार बाटल्या दूध पितं, बाकी वेफर आणि नूडल्स, आणि मोबाइल समोर धरल्याशिवाय घास गिळत नाही. शी कडक होते, दुखते, मग पोर शी दाबून धरतं आणि आणखी कडक होते. औषध आहेच, पण खरं औषध ताटात आहे आणि ताटाबद्दल बोलायला कुणाला वेळ नाही. दुकानात साखरेची सरबतं ‘ओआरएस’ या, म्हणजे आमच्या मीठ-साखरेच्या पाण्याच्या, नावाने विकली जात होती. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं झगडून ते नाव पुसायला लावलं. आदेश २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये निघाला. माझ्या पिढीने हे काम करायला हवं होतं, आमच्या संघटना तेव्हा पंचतारांकित हॉटेलांत पौष्टिक पावडरींवर चर्चासत्रं भरवण्यात गुंतल्या होत्या.

केळ्याचं म्हणाल तर कामरेजकडची आणि खानदेशातली हिरवी केळी सुरतेत येतात ती बहुतेक वेफरच्या कढईत जातात. परवा मुलाच्या दवाखान्यात बसलो होतो. वेसूतल्या उंच इमारतीत राहणारी एक तरुण आई तिथे आली होती, माहेर चोपड्याचं. तिने माझं केळ्याचं पुराण शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘काका, याची पावडर ऑनलाइन मिळते ना?’ मिळते. मी तिला किंमत सांगितली नाही, उधन्याच्या भाजीबाजाराची वेळ सांगितली.