फळा दुसऱ्याचा, गणित आपले

बेरजेची एक आज्ञा दिली की एक बेरीज होते, हा संगणकाच्या प्रक्रियकाचा, म्हणजे प्रोसेसरचा, नेहमीचा व्यवहार. सदिश आज्ञांचे तसे नाही. त्यातील एका आज्ञेने आठ किंवा सोळा संख्यांवर एकदम क्रिया होते. एकेका मुलाला उठवून 'वही उघड' म्हणण्याऐवजी साऱ्या वर्गाला एकदाच सांगावे, तसे. इंटेलने १९९७ साली एमएमएक्स या नावाने ही सोय पेंटियममध्ये आणली. आकडेमोडीसाठी संख्या ठेवण्याची प्रक्रियकातील जागा म्हणजे रजिस्टर. एमएमएक्समध्ये ते ६४ बिटांचे होते. १९९९ च्या एसएसईत १२८, २०११ च्या एव्हीएक्समध्ये २५६ आणि पुढे ५१२ बिटांपर्यंत ते रुंदावले.

चित्रे आणि ध्वनी हाताळणारे प्रोग्राम ही सोय मुक्तहस्ताने वापरतात. पण कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो मात्र हात आखडता घेतो. इंटेल जातीच्या यंत्रांसाठी लिनक्सचा कर्नल तयार करताना 'या आज्ञा वापरू नकोस' अशी सूचनाच कंपायलरला दिलेली असते. असे का?

समजा, गणिताच्या बाईंनी फळ्यावर उदाहरण अर्धे सोडवले आहे आणि मुख्याध्यापक सूचना लिहायला वर्गात आले. फळा पुसायचा तर आधी सगळे उतरवून घेतले पाहिजे आणि जाताना जसेच्या तसे परत लिहिले पाहिजे. एक आकडा जरी बदलला तरी बाईंचे उत्तर चुकेल, आणि का चुकले हे त्यांना कळणारही नाही. कर्नलची गत हीच. तो कोणत्या ना कोणत्या प्रोग्रामच्या कामात मध्येच येतो, आणि रजिस्टरांत त्या प्रोग्रामचे अर्धवट गणित पडलेले असते. साधी रजिस्टरे १६, प्रत्येकी ८ बाइटांची, म्हणजे १२८ बाइट. तेवढी तो उतरवून घेतोच. ५१२ बिटांची सदिश रजिस्टरे मात्र ३२ असतात. त्यांचे २०४८ बाइट होतात! वीस-तीस बाइटांच्या कामासाठी हा खटाटोप परवडत नाही.

काम मोठे असले की हिशेब उलटतो. रेड-५ पद्धतीने माहिती साठवताना तीन डिस्क घेतल्या, तर दोन डिस्कवरील बिटांवरून तिसरीसाठी बिट काढतात: दोन्ही सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. १०११ आणि ०११० यांवरून ११०१ मिळते. आता पहिली डिस्क बिघडली, तर ०११० आणि ११०१ यांना तोच नियम लावा. १०११ परत मिळते. (मुलांकडून हे फळ्यावर जरूर करून घ्यावे.) ४०९६ बाइटांच्या तुकड्यावर ही क्रिया ८-८ बाइट घेऊन केली तर ५१२ वेळा करावी लागते, ३२-३२ घेऊन १२८ वेळा. असे तुकडे सतत येत असतात, म्हणून येथे सदिश आज्ञा फायद्याच्या ठरतात. रेड-६ मधील गणित याहून अवघड असल्याने लिनक्स सहसा सुरू होतानाच निरनिराळ्या रीतींची शर्यत लावतो आणि सर्वांत वेगवान रीत निवडतो.

अशा कामाआधी कर्नल 'सुरू' आणि नंतर 'संपले' असे जाहीर करतो. मधल्या काळात त्याला डुलकी घेता येत नाही, किंवा प्रक्रियक दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. म्हणून हा काळ लहान ठेवावा लागतो.

उतरवून घेण्याचे कष्ट टाळण्याची एक युक्ती पूर्वी रूढ होती. एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे जाताना सदिश रजिस्टरे तशीच ठेवायची. दुसऱ्याने त्यांना हात लावला तरच पहिल्याचा मजकूर उतरवायचा. काटकसर चांगली, पण फळा न पुसताच दुसरा वर्ग आत घेण्यासारखी. इंटेलचे प्रक्रियक पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच करून पाहतात, आणि त्या आडमार्गाने पहिल्याचा मजकूर दुसऱ्याला ओळखता येतो, हे जून २०१८ मध्ये उघड झाले. सांकेतिक लेखनाच्या गुप्त किल्ल्या याच रजिस्टरांत असू शकतात. लिनक्सने मात्र २०१६ मध्येच ही युक्ती सोडली होती.

२०१९ मध्ये त्याने दुसरी, निर्धोक बचत साधली. मुख्याध्यापकांना लागोपाठ चार सूचना लिहायच्या असतील, तर बाईंचे उदाहरण दर वेळी परत मांडायचे नाही. वर्गाबाहेर पडताना एकदाच मांडायचे.