दंडाभोवतीची पट्टी

मूल उभं करायला जागा हवी, वजनकाट्याला सपाट जमीन हवी. अंगणवाडी सेविकेच्या पिशवीतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीला यातलं काहीच लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात कोपरात दुमडून खांदा ते कोपर यांचा मध्य काढायचा, मग हात सैल सोडून पट्टी फिरवायची. आवळायची नाही, ढिली ठेवायची नाही. घेर साडेबारा सेंटिमीटर भरला की हिरवा रंग. साडेअकराच्या आत आला की लाल. मूल 'सॅम', म्हणजे अतितीव्र कुपोषित.

दंडच का? एक ते पाच वर्षांत उंची भराभर वाढते, दंडाचा घेर मात्र जेमतेम. त्यामुळे जन्मतारीख नेमकी ठाऊक नसली तरी अडत नाही. 1974 साली शाकिर आणि मॉर्ली यांनी रंगीत पट्टीची कल्पना मांडली. आपल्याकडच्या बालरोगाच्या पुस्तकांत तर बांगडीची चाचणीही आहे: चार सेंटिमीटर आतल्या व्यासाची बांगडी कोपराच्या वर सहज सरकली, तर मूल खंगलेलं आहे.

पण एका बाबतीत काटाही फसतो आणि आजीही. गाल फुगलेले, पाय गुबगुबीत. घरात म्हणतात, बाळसं धरलंय. सेविका दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबते. खड्डा तसाच राहिला तर ती सूज आहे. मग पट्टीचा रंग कोणताही असो, मूल दवाखान्यातच न्यायचं.

तिथला उपचार घरच्यांना उलटाच वाटतो. उपाशी लेकराला पोटभर जेवू घालायचं नाही! शरीराचे सगळे व्यवहार मंदावलेले असतात. एकदम अन्न किंवा भरभर सलाइन दिलं तर हृदयच दगा देतं. म्हणून आधी 'एफ-75' हे औषधी दूध: शंभर मिलिलिटरमागे 75 कॅलरी, दर दोन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. लोहाचं औषधही सुरुवातीला नाही. मूल सावरलं, भूक परतली की 'एफ-100'. ज्याला गुंतागुंत नाही आणि जे आवडीने खातं, त्याच्यावर गावातच उपचार होतात.

खरी अडचण आईची. तिने खाटेशेजारी दिवस काढायचे, तर रोज बुडतो. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात बुडीत मजुरी देतात. घरी मागे राहिलेल्या भावंडांची सोय मात्र त्या पैशांत होत नाही. मेळघाटात तर पिकं निघाली की कोरकू कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. लेकरूही पाठीशी. होळीला ती परततात, तेव्हा सेविका पट्टी घेऊन घरोघर निघते.