शोकदिनीचा वाढदिवस

३० जानेवारीला जन्मलेल्या एका विद्यार्थिनीने मध्यंतरी मला विचारले, ‘सर, माझा वाढदिवस घरी आदल्या दिवशीच उरकतात. हे योग्य आहे काय?’

प्रश्न साधा नव्हे. १९४८ साली याच दिवशी सायंकाळी प्रार्थनेस निघालेल्या गांधीजींची हत्या झाली. आजही दरवर्षी या दिवशी सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते.

हत्येच्या त्याच दिवशी घटना समितीचे एक सदस्य, चिदंबरम सुब्रह्मण्यम, वयाची ३८ वर्षे पूर्ण करीत होते. १९६४ मध्ये ते अन्नमंत्री झाले. देश अमेरिकन गव्हावर विसंबून असता त्यांनी सुधारित बियाण्यांचा आग्रह धरला आणि हरित क्रांतीचा पाया घातला. भुकेल्याला अन्न मिळावे, ही गांधीजींचीही तळमळ होती. शोकदिनी जन्मलेल्या माणसाने ते ऋण असे फेडले, असे मी मानतो.

म्हणून तिला म्हणालो, ‘अकरा वाजता स्तब्ध उभी राहा, सायंकाळी आईकडून ओवाळून घे. थाटमाट मात्र नको.’ दुःख विसरणारी माणसे राष्ट्राला नकोत. तशीच जन्माला आल्याबद्दल ओशाळणारीही नकोत.