दमान नेमका कोणाचा?

रियाधच्या आग्नेय बाजूचं अल सुलै म्हणजे गोदामं, वर्कशॉप आणि ट्रकांची वर्दळ. इथे राहणाऱ्याला कारागीर मिळत नाही असं सहसा होत नाही. विजेच्या खांबावर, हारिसच्या, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराच्या, दारावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणाचा ना कोणाचा मोबाइल नंबर असतोच: सब्बाक (प्लंबर), कहरबाई (इलेक्ट्रिशियन), रंगारी, टाइलवाला. खरी पंचाईत काम संपल्यानंतर सुरू होते. पहिल्याच पावसात स्लॅबला ओल येते, तो नंबर लागत नाही, आणि ज्या ‘दमान’च्या, म्हणजे हमीच्या, भरवशावर पैसे मोजले तो नक्की कोणी दिला होता, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

घरदुरुस्तीची कंपनी निवडताना आपल्या लोकांत जे समज फिरतात, त्यातले बहुतेक या एका प्रश्नाला बगल देतात. काम बिघडलं तर जबाबदार कोण, त्याचं नाव काय, तो सापडेल कुठे?

“गूगलवर सगळ्यात वर आहे, म्हणजे मोठी कंपनी असणार”

सगळ्यात वर असणं हे जाहिरातीच्या खर्चाचं आणि वेबसाइट बनवणाऱ्याच्या कौशल्याचं फळ आहे. ‘रियाधमधली सर्वोत्तम दुरुस्ती कंपनी’ अशा मथळ्यांची पानं उघडून पाहा. चकचकीत फोटो, वीस सेवांची यादी आणि तळाशी एक मोबाइल नंबर. कंपनीचं नोंदलेलं नाव नसतं, पत्ताही नसतो. फोन उचलणारा माणूस काम तिसऱ्याच टोळीला देऊन मोकळा होऊ शकतो. सौदी अरेबियाच्या २०१९ च्या ई-वाणिज्य कायद्यानुसार ऑनलाइन सेवा विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता, संपर्क आणि नोंदणीचा तपशील ग्राहकाला दिसेल असा द्यायचा असतो. ज्या पानावर तो नाही, ते पान तिथेच बंद करावं. पाच ताऱ्यांची रेटिंग कितीही असोत.

“सजिल दाखवली ना, मग झालं”

सजिल तिजारी, म्हणजे व्यापार मंत्रालयाची नोंदणी, पाहायलाच हवी. पण तिचा मोबाइलवरचा फोटो पाहून समाधान मानणं म्हणजे अर्धंच काम. नोंदणी क्रमांक दहा आकडी असतो, रियाधचे जुने क्रमांक १०१० ने सुरू होतात, आणि ७ ने सुरू होणारा एकीकृत क्रमांकही असतो. हा आकडा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून तीन गोष्टी बघा: नोंदणी चालू आहे का, नाव तेच आहे का, आणि व्यवसायाच्या रकान्यात बांधकाम किंवा फिनिशिंगचं काम लिहिलं आहे का. मोबाइल ॲक्सेसरीजच्या नोंदणीवर बाथरूम फोडायला आलेला माणूस ओळखायचा तो इथेच. २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने नोंदणीची मुदत संपण्याची पद्धत बंद केली आणि त्याऐवजी मालकाने दरवर्षी माहितीची खातरजमा करायची असं ठरवलं. त्यामुळे छापील कागदावरच्या तारखेला आता फारसा अर्थ उरलेला नाही. सद्यस्थिती ऑनलाइनच दिसते. सौदी कंत्राटदार प्राधिकरणाचं ‘मुकाविल’ हे पोर्टलही आहे. तिथे कंत्राटदाराचं नाव सापडलं तर आणखी एक खूण पटली.

यापुढचा भाग नाजूक आहे. कागदावर एका सौदी मालकाची मुअस्ससा (पेढी), पण प्रत्यक्षात सगळा धंदा, पैसा आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात, याला इथे ‘तसत्तुर’ म्हणतात. २०२१ मध्ये अमलात आलेल्या कायद्यात यासाठी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० लाख रियालपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्राहक म्हणून तुम्हाला त्याची झळ बसते ती अशी: उद्या वाद झाला तर ज्याच्याशी बोलणी झाली त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, आणि ज्याचं नाव आहे तो म्हणतो, मी तर या कामाला कधी गेलोच नाही. यावर सोपा उपाय आहे. पैसे फक्त नोंदणीवर जे नाव आहे त्याच नावाच्या खात्यात भरायचे. सौदीतला आयबॅन ‘एसए’ने सुरू होतो आणि चोवीस अक्षरी असतो. तो मागितल्यावर समोरचा “रोख द्या, नाहीतर माझ्या स्वतःच्या खात्यात टाका” म्हणाला, की तुम्हाला पुढचं काही विचारायची गरज राहत नाही.

“बिल नको म्हटलं की १५ टक्के वाचतात”

व्हॅट इथे १ जानेवारी २०१८ ला ५ टक्क्यांनी आला आणि १ जुलै २०२० पासून १५ टक्के झाला. वीस हजार रियालच्या कामावर तीन हजार रियाल ही रक्कम टोचतेच. पण बिल नसलेल्या कामाचा दमान, तक्रार आणि परतावा, सगळंच तोंडी राहतं. ‘वाचलेले’ तीन हजार म्हणजे कंत्राटदाराला दिलेली सूट असते, जबाबदारीतून सुटण्याची.

उलट बाजूही आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. वार्षिक उलाढाल ३,७५,००० रियालच्या आत असेल तर व्हॅटची नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून व्हॅट घेण्याचा अधिकारही नाही. म्हणजे लहान मिस्त्री बिलावर १५ टक्के लावत असेल तर त्याचा कर क्रमांक विचारलाच पाहिजे. तो पंधरा आकडी असतो, ३ ने सुरू होतो आणि ३ नेच संपतो. डिसेंबर २०२१ पासून ई-बिलं सक्तीची झाली, त्यामुळे व्हॅट नोंदलेल्या दुकानाच्या बिलावर क्यूआर कोड असायला हवा. वर्डमध्ये टाइप केलेलं, नुसता शिक्का मारलेलं ‘टॅक्स इन्व्हॉइस’ दिसलं की सावध व्हा.

“आपलाच गाववाला आहे, कागद कशाला?”

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या समजाची, कारण तो मनाच्या चांगुलपणातून येतो. खेडचा, महाडचा किंवा नांदेडचा माणूस, आपल्या भाषेत बोलणारा, दोन पैसे कमी घेणारा. त्याला काम द्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण त्याचा इकामा (निवास परवाना) ज्या कफीलच्या, म्हणजे प्रायोजक मालकाच्या, नावावर आहे त्याला सोडून दुसऱ्यासाठी किंवा स्वतःसाठी काम करणं सौदी कामगार कायद्याच्या कलम ३९ ने बंद केलेलं आहे. ज्याला आपण ‘फ्री व्हिसा’ म्हणतो तशी कुठलीही कायदेशीर गोष्ट नाही. तपासणीत पकडला गेला तर त्याच्यावर देश सोडायची वेळ येऊ शकते, आणि काम देणाराही अडचणीत येतो. गाववाल्याचं भलं करायचं असेल तर तो ज्या कंपनीत आहे त्या कंपनीमार्फत काम द्या. हात त्याचेच राहतील, कागद कंपनीचा राहील.

आता कागदाविषयी. २०२२ मध्ये लागू झालेल्या पुरावा कायद्याने १ लाख रियालच्या वरचा व्यवहार साक्षीदार उभे करून सिद्ध करता येत नाही, लेखी पुरावा लागतो. त्याखालच्या रकमेला ही अट नाही, पण म्हणून साक्षीदार शोधत बसायचं कशाला? त्याच कायद्याने डिजिटल पुरावाही ग्राह्य धरला आहे, त्यामुळे व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवण्यासारखे असतात. सविस्तर करारापेक्षा एका पानाचा नेमका करार मला जास्त उपयोगी वाटतो. त्यात कोणत्या खोलीत काय फोडायचं, टाइल कोणत्या कंपनीची आणि किती चौरस मीटर, रंगाचे किती हात, मलबा कोण आणि कुठे टाकणार, काम कधी संपणार, हे लिहिलेलं असावं. करार इंग्रजीत असला तरी चालतो, पण न्यायालयाची भाषा अरबी आहे. सोबत अरबी मजकूर असेल तर वाद वाढल्यावर भाषांतराची धावपळ वाचते. उर्बून, म्हणजे बयाणा, शक्य तितका कमी द्या. बाकीचे पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि शेवटचा हप्ता काम तपासून झाल्यावरच. सामान आणायला सगळीच रक्कम आगाऊ लागते असं म्हणणाऱ्याचं दुकानदाराकडे खातं नाही, एवढंच त्यातून कळतं.

“वॉटरप्रूफिंगला १५ वर्षांची गॅरंटी आहे”

रियाधमध्ये वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही मोजक्या दिवसांत. म्हणजे कच्चं काम महिनोन्‌महिने खपून जातं. गॅरंटीच्या आकड्यापेक्षा पाण्याची चाचणी जास्त खरं बोलते. गच्चीचा किंवा बाथरूमचा निचरा बंद करून पाणी साठवायचं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवायचं, आणि खालच्या छताला ओल येते का ते बघायचं. ही चाचणी टाइल बसवण्याच्या आधी व्हायला हवी. नंतर गळती दिसली तर टाइलही फोडावी लागते आणि पैशांवरून भांडण सुरू होतं. गॅरंटीच्या कागदावर वॉटरप्रूफिंगच्या पडद्याचा (मेंब्रेनचा) प्रकार, जाडी आणि गॅरंटी कोण देतंय, माल बनवणारा की लावणारा, हे लिहून घ्या. माल चांगला असला तरी लावणाऱ्याने सांधा नीट जोडला नाही तर पाणी उतरतंच.

विजेच्या कामाबद्दलचा समज वेगळा आहे: “सॉकेट म्हणजे सॉकेट.” सौदीतल्या जुन्या घरांत १२७ आणि २२० व्होल्ट अशा दोन्ही लाइन असतात, फ्रीक्वेन्सी ६० हर्ट्झची. २०१० मध्ये सरकारने २३० व्होल्टकडे वळायचं ठरवलं, पण जुन्या इमारती हळूहळूच बदलतात. १२७ वर आपला भारतातून आणलेला मिक्सर रडतखडत फिरतो, आणि १२७ चं उपकरण २२० वर लावलं तर जळतं. दुरुस्तीत नवा सॉकेट टाकताना कहरबाईकडून प्रत्येकावर व्होल्टेज लिहून घ्या.

“भाडं भरतो, घर आपलंच”

अल सुलैमधल्या बहुतेक मराठी कुटुंबांचं घर भाड्याचं, ‘ईजार’ या भाडेकरारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या कराराने घेतलेलं. भिंत फोडणं, नळ हलवणं किंवा किचन बदलणं याआधी घरमालकाची लेखी परवानगी लागते. घर राहण्याजोगं ठेवणं, म्हणजे मोठी गळती वगैरे, ही साधारणपणे मालकाची जबाबदारी असते. आधी त्याला कळवा. स्वतःच्या खिशातून करायचं तर कराराबाहेरचं बोलणं संदेशात तरी असू द्या.

आणि तिकडचं घर

खरी मोठी दुरुस्ती बरेच जण अल सुलैमध्ये करतच नाहीत. ती चालते पुण्यातल्या फ्लॅटची किंवा चिपळूणच्या घराची, रियाधच्या फोनवरून. इथला ठरलेला समज म्हणजे “महारेरा आहे ना!” रेरा कायदा बिल्डरसाठी आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांतले बांधकामाचे दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात, पण तुम्ही ठरवलेला इंटिरिअर कंत्राटदार त्यात येत नाही. त्याच्याविरुद्ध दाद ग्राहक आयोगात मागायची असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते, आणि ती ऑनलाइनही नोंदवता येते. कंत्राटदाराच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात महाराष्ट्रात २७ ने होते. पोर्टलवर तो टाकला की नोंदणीचं नाव दिसतं.

दुरून काम करून घेताना प्लायवुडवरून सगळ्यात जास्त फसगत होते. फोनवर ‘वॉटरप्रूफ प्लाय’ सांगितलं जातं आणि किचनच्या सिंकखाली साधा एमआर, म्हणजे फक्त ओलावा सोसणारा, येतो. आयएस ३०३ हे साध्या प्लायचं मानक आहे, आणि पाण्याच्या जागेसाठी मागायचा तो आयएस ७१०. फळीवरचा आयएसआयचा शिक्का आणि त्यावरचा परवाना क्रमांक यांचा फोटो मागवा. बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. फळी कापून लॅमिनेट चिकटवण्याच्या आधीच हे करायला हवं.

घरच्या कोणाला तुमच्या वतीने सह्या करायला कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल, तर ते रियाधमधल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घेता येतं. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यात फक्त दुरुस्तीच्या कामापुरते अधिकार लिहा. घर विकायचा, गहाण ठेवायचा अधिकार त्यात असण्याचं काहीच कारण नाही.