कर्सर थांबतो तिथेच उत्तर

जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलचं बिल करताना हात हमखास अडतो तो कराच्या दरापाशी. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी आला. त्याहून मोठं पोतं सुटलं. तूरडाळ तीच, मिल तीच, पण तीस किलोच्या पोत्याला शून्य आणि एक किलोच्या पुड्याला पाच. मुरलेल्या दिवाणजींना हे पाठ असतं. गेल्याच आठवड्यात कामाला लागलेल्या मुलीला ते नसतं, आणि तिला ते त्याच रकान्यात, त्याच मिनिटाला हवं असतं. बाहेर ट्रक भरून उभा असताना जाडजूड माहितीपुस्तक उघडायला कोण बसेल?

यावरचा उपाय जुना आहे. मदतीसाठी एफ-१ ही कळ आयबीएमनं १९८७ च्या आपल्या नियमावलीत पक्की केली. टॅलीप्राइममध्ये कंट्रोल आणि एफ-१ दाबलं की समोर जो पडदा असेल त्याचीच माहिती उघडते. पण खान्देशातली आडत दुकानं, सराफी पेढ्या, जिनिंग यांचं काम एकट्या टॅलीवर भागत नाही. तोलाई-हमालीची पट्टी, सोन्याची मोड, मजुरी या गोष्टींसाठी गावातल्याच कुणीतरी लिहून दिलेली छोटी सॉफ्टवेअरं लागतात. अशी कित्येक कामं व्हिज्युअल बेसिक ६ किंवा फॉक्सप्रोमध्ये झाली. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ मध्ये. त्यात प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टनं २००८ मध्ये थांबवला, पण त्यात बनलेले प्रोग्राम आजच्या विंडोजवरही चालतात. म्हणून ते बदलले जात नाहीत, आणि बदलायची गरजही नाही. त्यांच्यात एफ-१ मुकी असते, एवढंच दुखणं आहे. ते दूर करायला सॉफ्टवेअर नव्यानं लिहावं लागत नाही.

व्हिज्युअल बेसिकमध्ये प्रत्येक रकान्याला मदतीचा एक क्रमांक देण्याची सोय मुळातच आहे. सुरुवातीला तो शून्य असतो. रकान्याचा क्रमांक शून्य असेल तर प्रोग्राम त्याच्या बाहेरच्या चौकटीचा पाहतो, तिथंही नसेल तर संपूर्ण पडद्याचा. म्हणजे पहिल्या दिवशी फक्त पडद्यांना क्रमांक दिले तरी काहीतरी उघडतं. अडचणीचे रकाने सवडीनं भरता येतात. डेल्फी आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोतही हीच व्यवस्था आहे. क्रमांक देताना प्रत्येक पडद्यासाठी शंभरची जागा राखावी, बिलाला २०० पासून, पावतीला ३०० पासून. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कामाला कधीही वापरू नये, कारण धुळ्याच्या गिऱ्हाइकाकडे जुनी आवृत्ती अजून चालू असते.

मूळ कोडच हरवला असेल तर ऑटोहॉटकीसारख्या छोट्या साधनानं खिडकीचं शीर्षक वाचून योग्य पान उघडता येतं. रकान्यापर्यंत पोचणं अवघड जातं, पडद्यापर्यंत सहज जमतं.

खरी मेख पुढे आहे. १९९७ पासून विंडोजमध्ये मदतीसाठी सीएचएम फाइल रुळली, आणि बरेच जण अजून तीच बनवायला घेतात. मराठीसाठी ती घेऊ नये. विंडोजमध्ये देवनागरी फक्त युनिकोडमधून चालते, तर सीएचएमची अनुक्रमणिका आणि शोध त्याआधीच्या कोडपेज पद्धतीवर उभे आहेत. पान नीट दिसतं, पण अनुक्रमणिकेत प्रश्नचिन्हांची रांग लागते. शिवाय २००५ च्या सुरक्षा सुधारणेपासून दुसऱ्या संगणकावरच्या शेअर फोल्डरमधून उघडलेली सीएचएम कोरी दिसते. पेढीवर एका मशीनवर डेटा आणि बाकीच्या मशीन त्याला जोडलेल्या, ही मांडणी नेहमीची. तिथं ही फाइल निकामी.

त्यापेक्षा साधी एचटीएमएल पानं बरी: युनिकोडमध्ये लिहिलेली, प्रत्येक क्रमांकाचं स्वतंत्र पान, फाइलचं नाव म्हणजे तोच क्रमांक. एफ-१ दाबल्यावर प्रोग्रामनं कर्सर असलेल्या रकान्याचा क्रमांक घ्यावा आणि ते पान ब्राउझरमध्ये उघडावं. यासाठी प्रत्येक पडद्यामागे कोडच्या मोजक्या ओळी पुरतात. पानं त्याच मशीनवर ठेवावीत; इंटरनेट गेलं म्हणून मदत जाऊ नये. कराचा दर बदलला तर फक्त ते पान बदलायचं, प्रोग्रामला हात लावायचा नाही.

वेळ जातो तो लिहिण्यात, आणि माझ्या मते इथंच प्रोग्रामरनं एकट्यानं बसू नये. प्रोग्रामर लिहितो, ‘येथे योग्य कर दर निवडा.’ हे तर रकान्याच्या नावावरूनच कळतं. फोनवर येणारे प्रश्न महिनाभर वहीत जसेच्या तसे उतरून घ्यावेत. ‘आठे काय टाकू?’ म्हणजे ‘इथं काय टाकू?’ हा प्रश्न ज्या रकान्यावरून वारंवार येतो, त्याचं पान आधी लिहावं. सराफाच्या बिलात तो एचयूआयडीचा असेल. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा सहा अक्षर-अंकी क्रमांक सक्तीचा झाला, आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना मागून जोडावा लागला. तिथल्या पानावर कायद्याचा उतारा नको. क्रमांक दागिन्यावर कुठे कोरलेला असतो, तो भिंगातून कसा वाचायचा, गिऱ्हाइकाच्या जुन्या मोडीवर तो नसला तर बिलात काय भरायचं, एवढं चार ओळींत यावं. डाळ मिलच्या पानावर दोनच प्रश्न पुरतात: पुडा २५ किलोपर्यंतचा आहे का? त्यावर लेबल आहे का? दोन्हीला हो असेल तर ५. खाली तारीख टाकावी, म्हणजे पान कधीचं आहे ते वाचणाऱ्याला कळेल.